रोज पेटी घोटतोय, तरी हात पुढं का सरकंना?

खानापूरकर पेटीवाला: नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी धरतोय. एकादशीचे अभंग, गजर, सगळं निभतंय. पण रोज पहाटे धारा काढून झाल्या की अलंकार (सरगमचे सरावाचे पलटे) घोटतोय, तरी लय वाढली की उतरती तान अडखळायलीय. चढताना बिनघोर. उतरताना 'सां नि ध प म' सुरळीत, पुढं हात चाचपडतोय. आमचा पखवाजवाला अण्णा बघून हसतोय. मेहनत कमी पडायलीय, की आपल्या हातात तेवढंच आहे?

शहापूरची पेटीबाई: दादा, पांढरी एकवर, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला 'सा' धरून घोटताय ना? मग रोग सापडला. उतरताना करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाची बोटं 'म'वर संपतात. पुढच्या 'ग'साठी मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडं टाकावं लागतं. तुम्ही बहुतेक अख्खा हात उचलून डावीकडं ठेवताय. ठाय म्हणजे संथ लयीत ते खपून जातं, दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, तेवढी सवड कुठली? आणि रोज तसंच घोटल्यावर पक्की होणार ती हात उचलायची खोडच. बोटांना चूक-बरोबर कळत नाही, पुन्हा पुन्हा जे कराल तेच ती धरून बसतात.

आठवडाभर अख्खी सरगम बंद. फक्त 'प म ग रे', मनगट न उचलता, इतकं सावकाश की चुकायला जागाच उरू नये. मोबाईलवर हाताचा व्हिडिओ काढा. वाजवताना आपला कान अभंगात असतो, हाताकडं कोण बघतंय! तेवढा तुकडा सरळ आला की मागंपुढं एकेक स्वर जोडा. लय सगळ्यात शेवटी.

निपाणीकर: कशाला त्याला कामाला लावताय? उपजतच लागतंय. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व बघा की, लहानपणी रेकॉर्ड ऐकून हुबेहूब गायचे.

शहापूरची पेटीबाई: होय की. पण तेही मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकायला गेलेच ना?

हिंडलग्याचा वाचक: १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो, असा गवगवा झाला तो त्यावरूनच. पण त्यांचा भर नुसत्या तासांवर नव्हता, जे जमत नाही ते हेरून केलेल्या सरावावर होता. पुढं २०१४ मध्ये मॅकनमारा वगैरेंनी बरेच अभ्यास एकत्र तपासले. संगीतात माणसामाणसांच्या कौशल्यातल्या फरकापैकी २१ टक्क्यांच्या आसपासच अशा सरावाशी जोडता आला. म्हणजे निपाणीकरांचं अगदीच खोटं नाही, पण उरलेलं सगळं उपजतच, असंही त्यातून निघत नाही.

खानापूरकर पेटीवाला: व्हिडिओ बघितला ताई, तुम्ही म्हणताय तेच. 'म' झाला की हात उडतोय. पण भजनाला काळी एक (पहिली काळी पट्टी 'सा') लागतीय, तिथंही हीच बोटं काय?

शहापूरची पेटीबाई: नाही हो. काळी एकच्या शुद्ध सप्तकात 'ग' आणि 'नि' दोनच पांढऱ्या पट्ट्या, अंगठा तिथंच. तिथं अडेल ते 'नि-ध' आणि 'ग-रे'ला. ते तुकडे वेगळे घोटा, पांढरी एकवरचं तिकडं आपोआप जाणार नाही.