शब्दचर्चा: ग्लिया पेशींच्या घडणीत ‘संकेत’ की ‘संदेश’?

विचारणा

मेंदूच्या विकासावरच्या मजकुरात एक वाक्य असं लिहिलं आहे: ‘पेशींमधले संदेश मेंदूतील आधारपेशींच्या विभाजनाला मार्गदर्शन करतात.’ ‘सेल सिग्नलिंग’ला, म्हणजे पेशींनी रेणूंमार्फत एकमेकींना खुणा देण्याला, संदेशन म्हणावं, संकेतन की संकेतवहन? आणि ‘ग्लिया’ला (चेतासंस्थेतल्या, चेतापेशी नसलेल्या पेशींना) ‘आधारपेशी’ चालेल का?

प्रतिसाद १

या दोन्ही प्रश्नांआधी ‘विभाजन’ बदला. इथे ‘विभेदन’ हवं. विभाजन म्हणजे एका पेशीच्या दोन होणं. विभेदन म्हणजे अजून रूप न ठरलेल्या पेशीने एक ठरावीक रूप घेणं. ही अक्षराची चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण ग्लियाच्या बाबतीत या दोन क्रिया बऱ्याचदा एकमेकींच्या आड येतात. ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिया पेशींच्या पूर्वपेशींना पीडीजीएफ-एए हे वाढ घडवणारं प्रथिन (संवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवताना, साधारण १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) मिळत राहिलं की त्या विभागत राहतात. ते काढून टी३ हे थायरॉइड संप्रेरक दिलं की विभाजन थांबतं आणि विभेदन सुरू होतं. ‘पीडीजीएफमुळे विभेदन होतं’ असं छापलं गेलं तर प्रयोगाचा निष्कर्षच उलटा होतो.

हिंदी संदर्भ समोर ठेवून लिहिणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं: हिंदीत ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. मराठी विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत पेशीला ‘कोशिका’ आहे, पाठ्यपुस्तकांत ‘पेशी’. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच लेखात मिसळू नका.

प्रतिसाद २

‘आधारपेशी’ला माझा स्पष्ट विरोध आहे. फिरखो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८५६ साली या ऊतीला ‘नेर्फेनकिट’ म्हटलं, म्हणजे चेतापेशींमधलं लुकण. ‘आधार’ हा शब्द त्याच समजुतीतून येतो. अडचण अशी की अरीय ग्लिया या विकासकाळातल्या पेशी स्वतःच चेतापेशींना जन्म देतात. जन्मदात्या पेशीला आधारपेशी म्हटलं तर वाचक नातं चुकीचं समजणार. शिवाय आतल्या कानात आणि वृषणातही ‘आधारपेशी’ असतात, त्यामुळे संदर्भ सुटला की अर्थही सुटतो.

‘ग्लिया पेशी’ असंच लिहावं. पहिल्या उल्लेखात ‘चेतासंस्थेतल्या, पण चेतापेशी नसलेल्या पेशी’ एवढा खुलासा पुरतो. अ‍ॅस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या ग्लियासाठी ‘तारकापेशी’ सहज कळतो. ऑलिगोडेंड्रोसाइटचं ‘अल्पशाखी पेशी’ करता येतं, पण त्यातून तिचं काम कळत नाही. मूळ नाव ठेवून ‘चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टन घालणारी पेशी’ म्हणणं बरं.

मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, मात्र वेगळ्या वाक्यात घ्या. ज्या भ्रूणातल्या नळीपासून मेंदू आणि मेरुरज्जू बनतात त्या चेतानलिकेतून त्या येत नाहीत. भ्रूणाच्या पीतक कोशातल्या (योक सॅक) पूर्वपेशी मेंदूत शिरतात आणि त्यांच्या मायक्रोग्लिया होतात. खाली जे संकेत येतील ते त्यांना लागू नाहीत.

प्रतिसाद ३

आता मूळ प्रश्न. ‘संदेश’ म्हटलं की मजकूर आधीच लिहून झालेला आहे आणि घेणाऱ्याने तो फक्त वाचायचा, असं वाटतं. प्रत्यक्षात अर्थ घेणारी पेशी ठरवते, म्हणून ‘संकेत’ बरोबर.

उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात आधी चेतापेशी, मग तारकापेशी, मग बहुतांश ऑलिगोडेंड्रोसाइट असा क्रम असतो. तारकापेशींसाठीचा मुख्य मार्ग असा: सीएनटीएफ, एलआयएफ किंवा कार्डिओट्रॉफिन-१ यांपैकी एखादं संकेत-प्रथिन पेशीच्या पृष्ठावरच्या ग्राहीला (संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला) जुळतं. त्या ग्राहीतला जीपी१३० हा घटक जॅक विकराला जागं करतो. जॅक स्टॅट३ प्रथिनाच्या ७०५ क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट जोडतो. असे स्टॅट३ जोडीने केंद्रकात जातात आणि जीएफएपीसारखी तारकापेशीची जनुकं चालू करतात. कार्डिओट्रॉफिन नव्या चेतापेशींकडूनच स्रवतं: चेतापेशी पुरेशा झाल्या की पूर्वपेशींना तारकापेशींकडे वळवणारा संकेत त्यांच्याकडूनच येतो.

हाच एलआयएफ ११.५ दिवसांच्या भ्रूणातल्या पूर्वपेशींना दिला तर जीएफएपी चालू होत नाही, १४.५ दिवसांच्या पेशींत होतं. स्टॅट३ ज्या जागी डीएनएला बसतो तिथल्या सायटोसिन या डीएनएच्या घटकावर आधीच्या वयात मिथिल गट असतो. पुढे शेजारच्या पेशींकडून मिळणाऱ्या नॉच संकेतामुळे एनएफआयए हे जनुक-नियंत्रक प्रथिन वाढतं आणि तो मिथिल गट निघतो. याखेरीज न्यूरोजेनिन-१ हे चेतापेशीकडे नेणारं प्रथिन पी३०० आणि स्मॅड१ या सहकाऱ्यांना स्वतःकडे अडकवून ठेवतं, त्यामुळे स्टॅट३ला ते मिळत नाहीत. बीएमपी या संकेताचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे: लवकर मिळाला तर चेतापेशी, उशिरा मिळाला तर तारकापेशी. रेणू तोच, फळ वेगळं. ‘संदेश’ शब्दात हे मावत नाही.

‘संकेतन’ ही पूर्ण प्रक्रिया. ‘संकेतवहन’ फक्त ग्राहीपासून केंद्रकापर्यंतच्या प्रवासासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद ४

‘मार्गदर्शन’ही ढोबळ आहे. काही संकेत दिशा ठरवतात, काही फक्त मुभा देतात किंवा अडवून धरतात. सॉनिक हेजहॉग हा संकेत मेरुरज्जूच्या पोटाकडच्या भागात ऑलिग२ हे जनुक चालू करतो, तिथे ‘दिशा ठरवतो’ लिहा. नॉच ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशींना पक्व होऊ देत नाही, तिथे ‘रोखतो’.

उंदीरवर्गातल्या दृष्टिचेतेच्या पूर्वपेशींवरचं १९८३ सालचं काम नेहमी दिलं जातं: गर्भस्थ वासराचा १० टक्के रक्तरस (सीरम) असेल तर तारकापेशी, नसेल तर ऑलिगोडेंड्रोसाइट. ते उद्धृत करताना ‘संवर्धनात’ हा शब्द कधीही गाळू नका. त्या प्रकारच्या तारकापेशी प्रत्यक्ष प्राण्यात खात्रीने सापडलेल्या नाहीत.

प्रतिसाद ५

‘स्टॅट३ वाढला’ आणि ‘स्टॅट३ला फॉस्फेट जोडला गेला’ यांतही गफलत होते. प्रथिनाचं एकूण प्रमाण तेच राहून फॉस्फेटयुक्त भाग वाढू शकतो, म्हणून पद्धतीच्या वर्णनात दोन्ही मोजमापं स्वतंत्र लिहावीत. सीएनटीएफ दिल्यावर हा संकेत साधारण १५ ते ३० मिनिटांत ठळक दिसतो. पेशी गोळा करायला वेळ लागला तर फॉस्फेट सुटतो, म्हणून द्रावण बर्फावर ठेवून त्यात फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना रोखणारं १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालतात. मोजण्यासाठी प्रथिनं पटलावर उतरवल्यावर, प्रतिपिंड लावण्याआधी मोकळ्या जागा झाकायला दुधाची पूड वापरू नये. त्यातल्या केसीन प्रथिनावर स्वतःचेच फॉस्फेट असतात आणि पार्श्वभूमी काळवंडते, त्याऐवजी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घ्यावं. ‘फॉस्फरीकरण’पेक्षा ‘फॉस्फेट-जोडणी’ मला जास्त उघड वाटतं, आणि उलट क्रियेला ‘फॉस्फेट-मुक्ती’ म्हणता येतं.

विचारणाऱ्याकडून

वाक्य आता असं केलं आहे: ‘चेतापेशींकडून येणारे संकेत आणि पूर्वपेशीची त्या वेळची अवस्था मिळून तारकापेशींचं विभेदन ठरवतात.’ मायक्रोग्लियाचा परिच्छेद वेगळा काढला आहे.

प्रतिसाद ३ कडून पुरवणी

‘चेतापेशींकडून’च्या पुढे ‘व इतर पेशींकडून’ घाला. बीएमपी केवळ चेतापेशींतून येत नाही.