गुप्तहेरकथा चालते ती हेरामुळे, कोड्यामुळे नव्हे

खडूस_वाचक :
कोड्यासाठी गुप्तहेरकथा वाचतात, हा समज सोडा. कॉनन डॉयलची शेरलॉक होम्सकथा 'द स्पेकल्ड बँड' (१८९२) घ्या. शेवट फोडतोय, न वाचलेल्यांनी इथूनच परत फिरावं. सावत्र बाप मुलीला मारायला झरोक्यातून दोरीवर विषारी साप सोडतो, शिट्टी मारून परत बोलावतो, वर बशीत दूध देतो. हवेतून आलेली बारीक शिट्टी सापाला जवळपास ऐकूच येत नाही. दूध त्याचं अन्न नाही. चावल्यावर दहा सेकंदांत माणूस मारेल असा साप जगात नाही. कोडं तीन ठिकाणी फाटलंय! तरी १९२७ मध्ये डॉयलने स्वतःच्या बारा आवडत्या होम्सकथा निवडल्या, त्यात हीच पहिली. तो बाप होम्सला दम द्यायला येतो आणि शेकोटीची सळई वाकवून जातो. होम्स ती उचलतो आणि सरळ करून ठेवतो. वाचक तिथेच खिशात.

कुलूपबंद :
तुम्ही साप तपासताय, वाचक खोली तपासतो. ओढली तरी न वाजणारी घंटेची दोरी, बाहेर नाही तर शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका, जमिनीला ठोकलेला पलंग. एकेक वेगळं पाहिलं तर गवंड्या-सुताराचा गाढवपणा वाटतो. तिन्ही जोडलं की कळतं, वरून काहीतरी पलंगावर उतरणार आहे आणि पलंग हलवता येणार नाही. होम्सला दिसतं तेव्हाच आपल्यालाही दिसतं. चकवाही बघा : मरणारी मुलगी 'बँड' म्हणते आणि आवारात जिप्सींचा तळ आहे. बँड म्हणजे पट्टाही, टोळीही. (मराठीत आणताना हा चकवा मरतो. 'पट्टा' म्हटलं की जिप्सी सुटले, 'टोळी' म्हटलं की साप गेला.)

खडूस_वाचक :
चकवा झकास, मान्य. पण कोडं एकदाच सुटतं, मग लोक दुसऱ्यांदा का वाचतात? १८९३ मध्ये डॉयलने होम्सला धबधब्यात संपवला, १९०३ मध्ये जिवंत करून परत आणावा लागला. कोडी काय, दुसरेही लिहीत होतेच.

तिसरी_खुर्ची :
दोघंही होम्सच्या मित्राला, वॉटसनला विसरलात. ६० पैकी ५६ कथा तो सांगतो. १९२६ च्या दोन कथा होम्स स्वतः सांगतो आणि त्या फिक्या पडतात. सांगणाऱ्यालाच उत्तर माहीत असलं की पंचाईत होते : सांगितलं तर कथा संपली, दडवलं तर वाचकाला फसवलं. सापाच्याच कथेतला रात्रीचा पहारा आठवा. दिवा विझवलेला, होम्स छडी घेऊन पलंगावर, वॉटसन पिस्तूल घेऊन खुर्चीत. बाराचे ठोके पडतात, मग एक, दोन, तीन. काय येणार ते होम्सला ठाऊक आहे, वॉटसनला नाही. आपण वॉटसनच्या खुर्चीत बसलोय म्हणून अंगावर काटा येतो. थरार म्हणतात तो हाच.

कुलूपबंद :
म्हणजे माझ्याच बाजूला आलात की! वॉटसनचं अज्ञान हा कोड्याचाच सांधा आहे. फक्त माप चुकता कामा नये. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सच्या गुप्तहेरकथेसाठीच्या १९२९ च्या दहा नियमांत आहे : हेराचा मित्र सामान्य वाचकापेक्षा किंचितच मंद हवा. ठार मठ्ठ केला की वाचक चाळीस पानं आधीच पुढे पोचतो आणि मग वैतागून वाट बघत बसतो.

खडूस_वाचक :
त्याच नियमात असंही म्हटलंय की मित्राने मनात आलेला विचार वाचकापासून लपवू नये. होम्स मात्र पहिल्या पानापासून लपवतो आणि आपण ते खपवून घेतो. ते काय कोड्याच्या प्रेमापोटी?