सॉकेट (नेटवर्क जोडणीचं प्रोग्रामकडचं टोक) वाचायचा लूप नवीन पोरांना हातानेच लिहायला लावावा का?

ऐरोलीकर
महापेच्या आमच्या ऑफिसात नवीन पोराने सी मध्ये सर्व्हर लिहिला. गेटवेकडून (साइटवरची रीडिंगं पाठवणारं यंत्र) २०० बाइटची रेकॉर्डं येतात. हा एकदा रिसीव्ह (सॉकेटवर आलेले बाइट उचलणारं फंक्शन) मारतो आणि थेट स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे रेकॉर्डाच्या साच्यात, ओततो. क्लायंट, सर्व्हर दोन्ही लॅपटॉपवर असताना सगळं झकास. साइटवर गेटवेने साठलेली रेकॉर्डं एकदम सोडली आणि रीडिंगच्या जागी कचरा. लॉगमध्ये रिसीव्हचे आकडे बघितले: सात वेळा २००, मग ६०, मग परत २००. १५०० च्या इथरनेट पाकिटात हेडरचे ४० गेले की डेटाला उरतात १४६०. म्हणजे सात रेकॉर्डं आणि आठव्याचे ६० बाइट. तिथून पुढे प्रत्येक रेकॉर्डाच्या तोंडाशी आधीच्याची १४० बाइटची शेपटी. लिनक्सच्या लूपबॅकवर (मशीनची स्वतःशीच जोडणी) एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, ६५५३६ बाइट, तिथे हे दिसणार कसं?

टीसीपी (ही जोडणी ज्या नियमांनी चालते ते) बाइटांचा प्रवाह देतो, कुठलं रेकॉर्ड कुठे संपलं ते सांगत नाही. ठाण्याहून आठ जण निघाले, गर्दीत तिघं मागच्या लोकलला राहिले, तर तुर्भ्याला उतरून आपण डोकी मोजतोच ना? म्हणून लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) हातात देण्याआधी हा लूप, म्हणजे २०० पुरे होईपर्यंत मोजत परत परत रिसीव्ह मारणं, एकदा लिहायला लावा.

घोडबंदरचा_वाटसरू
अहो, रिसीव्हला एमएसजी-वेटऑल फ्लॅग द्या की. २०० पूर्ण झाल्याशिवाय परत येत नाही. एका शब्दाचं काम, त्यावर कसली शिकवणी?

ऐरोलीकर
येतो, साहेब. मधेच सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टिमची प्रोसेसला सूचना) आला किंवा समोरच्याने जोडणी तोडली, तर कमीच बाइट हातात पडतात. आकडा तपासणं चुकत नाही.

नौपाडा_निवांत
आमच्याकडे मजकूर ओळी-ओळीने येतो, म्हणून एफडीओपन करून (सॉकेट फाइलसारखं उघडून) एफगेट्सने एकेक ओळ वाचतो. सुखात आहे.

ऐरोलीकर
सिलेक्ट (कुठल्या सॉकेटवर डेटा आलाय ते सांगणारं फंक्शन) लावलंत की सुख संपेल. ओळ स्टँडर्ड आयओच्या, म्हणजे एफगेट्सवाल्या लायब्ररीच्या, बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) येऊन बसलेली, आणि सिलेक्ट म्हणतंय सॉकेटवर काही नाही.

कोपरखैरणे_कट्टा
शून्याचंही बोला. आमच्या एकाने रिसीव्हचं ० म्हणजे ‘अजून काही आलं नाही’ असं धरलं. समोरचा कधीच बंद करून गेलेला, हा आपला गरागरा फिरतोय, सीपीयूचा एक कोअर शंभर टक्के. आणि बंद सॉकेटवर सेंड केलं की सिगपाइप नावाचा सिग्नल येऊन प्रोसेसच गुल, लॉगमध्ये एक अक्षर नाही!

घोडबंदरचा_वाटसरू
हे तर माझ्याच बाजूचं झालं. इतके खड्डे आहेत म्हणूनच एकदा नीट लिहिलेलं, तपासलेलं फंक्शन सगळ्यांनी वापरावं. दर नव्या पोराने तोच खड्डा नव्याने खणायचा याला शिक्षण म्हणत नाहीत. पैज लावतो, तुमचा पोरगा लूप लिहील आणि दुसरा तुकडा बफरच्या सुरुवातीलाच टाकून पहिला पुसून टाकेल. शिवाय स्ट्रक्चरमधलं पॅडिंग (कंपायलरने मधे सोडलेले रिकामे बाइट) आणि आकड्यातल्या बाइटांचा क्रम हे प्रश्न लूपने सुटत नाहीत, ते वेगळंच.

ऐरोलीकर
पॅडिंगचं मान्य. बाकी उद्या रिव्ह्यू झाल्यावर बोलू.

ऐरोलीकर
रिव्ह्यू झाला. पैज जिंकलात. बफर पुढे सरकवलंच नव्हतं. पण चूक त्याने स्वतःच पकडली, मी तोंड उघडायच्या आत.

घोडबंदरचा_वाटसरू
म्हणजे पैज अर्धीच. तरी फंक्शन सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाका आता.