सीएएचच्या नव्या औषधाची चाचणी: २८ आठवड्यांवर मंजुरी द्यावी का?

रानवारा:
सीएएच हा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार. बहुतेक रुग्णांत २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम कमी पडतं, त्यामुळे कॉर्टिसॉल हे शरीराला आवश्यक संप्रेरक पुरेसं बनत नाही. मग मेंदू ग्रंथीच्या मागे तगादा लावतो आणि पुरुषी संप्रेरकं भलतीच वाढतात. १९५० च्या दशकापासून उपचार एकच, स्टेरॉइड. कॉर्टिसॉलची उणीव भरायला थोडा डोस पुरतो. संप्रेरकं आवरायला मात्र जास्त द्यावा लागतो आणि त्यानेच उंची खुंटते, वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात.

क्रिनेसरफॉन्ट हे औषध मेंदूचा तो तगादाच कमी करतं, म्हणजे स्टेरॉइड उतरवता येतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ते डिसेंबर २०२४ मध्ये ४ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी मंजूर केलं. मुलांच्या चाचणीत १०३ जण होते, कालावधी २८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचा स्टेरॉइड डोस १८ टक्क्यांनी उतरला, प्लसिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) घेणाऱ्या गटाचा थोडा वाढलाच. पण मुख्य निकष काय होता? चौथ्या आठवड्यातली रक्तातली अँड्रोस्टेनेडिओन या पुरुषी संप्रेरकाची पातळी! जे औषध जन्मभर घ्यायचं, त्याने मूल किती उंच होतं हे पाहायला नको? मंजुरीआधी निदान दोन वर्षांची वाढ मोजायला हवी होती.

आभाळमाया:
साफ असहमत. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. वाढलेल्या पुरुषी संप्रेरकांनी हाडं वेळेआधीच पक्की होतात; डाव्या हाताच्या एक्स-रेत त्याची हाडं ११ वर्षांची दिसतात. आज तो वर्गात सगळ्यांत उंच आहे, लोक कौतुक करतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. हाडांची टोकं एकदा जुळली की वाढ थांबते, मग कुठलंही औषध उंची परत देत नाही. दोन वर्षं थांबा म्हणणं सोपं आहे हो. त्या काळात प्लसिबोच्या गटात कुणाचं मूल ठेवायचं?

दीपस्तंभ:
एक गैरसमज नको. प्लसिबो म्हणजे उपचार बंद असं नाही, त्या मुलांचं स्टेरॉइड चालूच होतं. ते तोडलं तर जिवावर बेतेल. नव्या औषधानेही स्टेरॉइड सुटत नाही, ताप आला की डोस वाढवावा लागतोच.

पण मी रानवारांच्या बाजूने. गर्भवतींना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं जायचं ते आठवा. बाधित मुलीच्या जननांगांवर पुरुषी संप्रेरकांचा परिणाम होऊ नये म्हणून ते अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच सुरू करावं लागतं, गर्भाला आजार आहे की नाही हे कळायच्या आत. आई-वडील दोघे वाहक (स्वतः निरोगी, पण आजाराचं जनुक असलेले) असले तरी बाधित मुलगी असण्याची शक्यता ८ पैकी १. उरलेल्या सात गर्भांना काहीही फायदा नसताना स्टेरॉइड! दूरचे परिणाम तपासण्याआधीच ते वापरात आलं. एंडोक्राइन सोसायटी ही संप्रेरकतज्ज्ञांची संघटना आजही त्याला प्रायोगिकच मानते.

आभाळमाया:
ती तुलना पटत नाही. तिथे निरोगी गर्भाला औषध मिळत होतं, इथे आजारी मुलाला मिळतंय आणि त्याचं स्टेरॉइड कमी होतंय. जास्तीच्या स्टेरॉइडचा धोका आपण घरात रोज बघतो, तो काय कमी सिद्ध झालाय?

रानवारा:
हा मुद्दा मान्य, कमी झालेलं स्टेरॉइड हाही फायदाच. चाचणी संपल्यावर प्लसिबो गटालाही औषध दिलं गेलं, तेही योग्यच झालं. म्हणून मागणी बदलतो: मंजुरी राहू दे, पण औषध घेणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची आणि हाडांचं वय वाढ पूर्ण होईपर्यंत नोंदवणं कंपनीवर बंधनकारक करा, आणि आकडे प्रतिकूल आले तरी दरवर्षी जाहीर करा.

आभाळमाया:
याला माझा पाठिंबा. एक्स-रे तर आम्ही काढतोच.