शब्दचर्चा: 'घोगरा' आणि 'बसलेला' आवाज एकच का?

आमच्याकडे कुडाळात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांची जुगलबंदी, झाली की दुसऱ्या दिवशी बुवांचो 'घसो बसलेलो' असता. मुंबईची वहिनी त्यालाच 'आवाज घोगरा झालाय' म्हणते. दोन्ही एकच का? आणि किनरा, चिरका, गेंगाणा हे कुठे बसवायचे?

---
ताई, एकच नाही हो. घोगरा हा माणसाचा कायमचा आवाजपण असू शकतो, बसलेला म्हणजे आत्ता बिघडलेला. रात्रभर ताणून गायलं की स्वरतंतूंना सूज येते, ते जड नि ढिले होतात मग थरथर मंदावते आणि आवाज खाली उतरतो, त्यात दोन्ही बाजूंची सूज सारखी नसली तर थरथर बेताल होऊन खरखर येते. कडा नीट मिटत नसतील तर मधून हवा सुटते, तो आमच्याकडे 'फुसका' आवाज. सगळं एकत्रही असतं म्हणून लोक काहीही म्हणतात.

---
मला मुळात 'तंतू' शब्दच खटकतो. तंबोऱ्याच्या तारा ताणल्यासारखं वाटतं, पण त्या घड्या आहेत, व्होकल फोल्ड. तार लांब असली की सूर खाली, इथे मात्र घडी ताणून लांब केली की सूर वर जातो, कारण लांबीपेक्षा ताठरपणा जास्त वाढतो. शिवाय आत स्नायू आणि वर मऊ जेलीसारखा थर, थरथरीची लाट त्या वरच्या थरावर पळते. हिरानो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९७४ मध्ये हे थर नीट मांडले. तो थर कडक झाला, व्रण पडला, की लाटच अडते. पुरुषांच्या बोलण्यात सेकंदाला साधारण १०० ते १२५ थरथरी, बायकांत २०० च्या आसपास.

---
काका बरोबर, पण नुसता ताठरपणा नाही, आकारपण बघा. दशावतारात स्त्रीपार्ट करणारा पातळ वरचा आवाज काढतो तेव्हा घड्या ताणून पातळ होतात, फक्त कडाच हलतात आणि एकमेकींना जेमतेम टेकतात. तो किनरा. तोच माणूस राजाचा पार्ट करताना घड्या जाड ठेवतो, वरपासून खालपर्यंत खोलवर मिटतात, जास्त वेळ मिटलेल्या राहतात, म्हणून खणखणीत भरदार लागतं. नुसतं जोरात ओरडून तो भरदारपणा येत नाही, हे नव्या पोरांना कोण सांगणार! आणि वर जाताना गळा आवळून ढकललं की चिरका.

---
गेंगाणा या यादीतून काढा, तो नाकाचा मामला, स्वरतंतूंशी संबंध नाही.

---
आणि ताई, बसलेला आवाज दोन-तीन आठवडे सुटला नाही तर शब्द शोधत बसू नका, कानानाकाच्या डॉक्टरला दाखवा, गाठ असली तर हळद-गुळण्यांनी जात नाही.

---
बरां, बुवांका सांगतंय. पण तेंचो घोगरो आवाज जन्माचोच, तो डॉक्टरान काढलो तर वाडी भांडात.