जुनी अ‍ॅम्ब्युलन्स कॅम्पर: छत गळतंय, फ्लोअर दबतंय, बॅटरी उतरते, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार मंडळी. आम्ही नवराबायकोने गेल्या दिवाळीत एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, २०१३ ची. आधी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलकडे अ‍ॅम्ब्युलन्स होती, मग मधल्या मालकाने तिचा कॅम्पर करून घेतला. बेड, ओटा, छोटा फ्रिज, टपावर १०० वॉटचं सोलर पॅनल, सगळं दिसायला छान होतं म्हणून आम्ही फार खोलात गेलो नाही. जूनमध्ये आंबा घाटाकडे गेलो आणि सकाळी उठून बघते तर गादीची एक बाजू ओलीचिंब. मागच्या दाराजवळ पाय ठेवला की फ्लोअर खाली दबतं आणि कुबट वास येतो. रात्री फ्रिज चालू ठेवला तर सकाळी स्टार्टर नुसता टिक टिक करतो. आरसीवर अजून अ‍ॅम्ब्युलन्सच आहे. बजेट दीड लाख. मिस्टर म्हणतात आधी लिथियम बॅटरी आणि मोठं सोलर घेऊ, मला वाटतं आधी छत.

अजून एक सांगायचंय. परत येताना कराडच्या अलीकडे रात्री एका मुलाने हात करून गाडी थांबवली, त्याचा मित्र बाईकवरून पडला होता. गाडीवर लाल पट्टा आणि पुसट झालेली उलटी अक्षरं अजून आहेत, त्यामुळे त्याला वाटलं अ‍ॅम्ब्युलन्सच आली. आमच्याकडे साधी बँडेजची पट्टी नव्हती. १०८ ला फोन लावला, ती गाडी येईपर्यंत थांबलो, पण त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्यामुळे ते सगळं पुसायचंय हे नक्की. बाकी सांगा.

पत्रा_आणि_वेल्डिंग (भोसरी):
ताई, तुमचंच बरोबर आहे, आधी छत आणि फ्लोअर, बॅटरी नंतर. टपावर जिथे निळे दिवे होते तिथली भोकं बघा. बहुतेक दिवे काढून वरून सिलिकॉन थापलेलं असतं आणि ते काही काळाने सुटतं. सिलिकॉनवर परत सिलिकॉन चिकटत नाही, रंगही धरत नाही, म्हणून सगळं खरवडून पत्र्यापर्यंत या. मोठ्या भोकाला पत्र्याचा तुकडा वेल्ड करा, बारीक भोकांना आणि जोडावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. झाल्यावर एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने पाइपने पाणी मारायचं, पण खालून वर जात जात, एकदम टपावर पाणी सोडलं तर कुठून गळतंय ते कळत नाही.

आता फ्लोअर. हॉस्पिटलवाल्या गाड्यांना विनाइल भिंतीवर चढवून गोल वळवलेलं असतं, धुताना पाणी कडेने खाली जाऊ नये म्हणून. पण स्ट्रेचरच्या ट्रॅकचे बोल्ट त्या विनाइलमधूनच खाली जातात, तिथून पाणी मुरतं आणि खाली प्लायमध्ये अडकून राहतं, वरून काहीच दिसत नाही. विनाइल पूर्ण उचला, भीती वाटली तरी उचला. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (गंज थांबवणारं केमिकल), मग इपॉक्सी प्रायमर. स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर आरपार गेला तर कापून नवा पत्रा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढायला विसरू नका. प्लाय घेताना साधा घेऊ नका, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन घ्या आणि कापलेल्या कडांना पण प्रायमर मारा, पाणी कडेनेच शिरतं.

आणि किलोमीटरवर जाऊ नका. अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या उभ्या एसी लावून तासन् तास चालू असते, मीटर हलत नाही पण इंजिन घासतच असतं. रेडिएटरचे होज, पट्टे, एसीचा कॉम्प्रेसर बघून घ्या.

वायरमन_काका (पुणे):
तुमचा फ्रिज स्टार्टरच्याच बॅटरीवर जोडलाय, बाकी काही नाही. छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॉट-तास खातो, तुमचं १०० वॉटचं पॅनल कडक उन्हात ४०० च्या आसपास देईल, पावसात त्याच्या निम्मंही नाही. म्हणजे तूट रोजची.

फ्रिजसाठी दुसरी बॅटरी वेगळीच ठेवा. १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे १२८० वॉट-तास, त्यातलं बरंचसं वापरता येतं, लेड अ‍ॅसिडची निम्म्याखाली उतरवली की आयुष्य कमी होतं. पण लिथियम थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जोडू नका, ती एवढा करंट ओढते की जुना अल्टरनेटर तापून जळतो, मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वितीच्या आत.

हे सगळं घेण्याआधी एक करा. सगळं बंद करून, किल्ली काढून, मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून निगेटिव्हच्या वायरमध्ये सिरीज जोडा (त्या वेळी स्टार्टर मारायचा नाही). ५० मिलीअँपिअरच्या वर दिसलं तर गाडी बंद असतानाही करंट खाणारा कुठेतरी चोर आहे. सायरनच्या आणि बाहेरच्या दिव्यांच्या जुन्या वायरी टेप गुंडाळून पॅनेलमागे सोडलेल्या असतात, त्या मुळापासून काढा.

ऑक्सिजनची तांब्याची नळी पण आत असेल. त्यातून स्टोव्हचा गॅस नेला असेल तर आजच बंद करा.

आरटीओच्या_चकरा (नाशिक):
कागद सगळ्यात आधी, नाहीतर दीड लाख पाण्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतला बदल आरसीवर नोंदवायला लागतो आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलंय. मोटार कॅरॅव्हॅन (आत राहायची सोय असलेली गाडी) असा वर्ग आहे, त्याचं वाहन-उद्योगाचं स्टँडर्ड एआयएस-१२४. फोटो घेऊन तुमच्या आरटीओत निरीक्षकांना प्रत्यक्ष भेटा, काय काय लागेल ते लिहून आणा आणि मगच खर्चाला हात घाला. गाडी ट्रान्सपोर्ट वर्गात नोंदलेली असेल तर ८ वर्षांनंतर फिटनेस तपासणी दरवर्षी, ती तारीख आधी बघा. आरसीवर एक आणि रस्त्यावर दुसरं असलं की अपघातानंतर विम्याच्या क्लेमला अडचण येते, ती नको.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी विनाइल उचललं. बोल्टभोवती प्लाय भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला, खाली तळहाताएवढं भोक, त्यातून रस्ता दिसत होता. आणि काका, तुमचं वाचून ओट्यामागचं पॅनेल उघडलं तर खरंच स्टोव्हची नळी ऑक्सिजनच्याच तांब्याच्या पाइपला जोडलेली, जॉइंटला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आले. आम्ही तिथेच डोकं ठेवून झोपायचो. सिलिंडर तेव्हाच बाहेर काढलाय.

वायरमन_काका:
चांगलं केलंत ताई. तो पाइप पूर्ण काढूनच टाका. स्टोव्हला छोटा ५ किलोचा सिलिंडर आणि नवी सुरक्षा होज घ्या, आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साठतो. नवा फ्लोअर टाकताना ती जागा आत्ताच कापून घ्या.

कृष्णाकाठ:
हो काका. मंगळवारी आरटीओ, तिथून आलं की पत्रा.