मुकुट नाही म्हणून बनावट नव्हे

दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश सैनिकाच्या टोपीवरच्या बिल्ल्यातल्या गरुडाला मुकुट नाही म्हणून बिल्ला बनावट, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो घाईचा आहे. १९४३ साली सोव्हिएत भूमीवर उभ्या राहिलेल्या जनरल बेर्लिंगच्या पोलिश सैन्याचा गरुड बिनमुकुटाचाच होता. सैनिक त्याला ‘कुरित्सा’, म्हणजे कोंबडी म्हणत. फक्त डोक्यावर कानशीचे ओरखडे आहेत का ते भिंगाने बघा. असतील तर मुकुट नंतर घासून काढलाय.

मग पाठ बघा. ठशाने दाबलेल्या पत्र्यात पिसांचा उलटा ठसा मागे उमटतो. ओतीव बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट, खरखरीत. पण ओतीव दिसला की लगेच बाद करू नका, मध्यपूर्वेत आणि इटलीत लढलेल्या दुसऱ्या पोलिश सैन्यासाठी वाळूच्या साच्यात ओतलेले अस्सल गरुड आहेत. अस्सलावरून साचा घेतलेली नक्कल मात्र मापात सापडते: पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणजे ४० मिमीला ०.६ मिमी. कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) लावाच.